झिजणारा दगड

आकाशदर्शनाच्या निरोपाच्या शेवटी एक सूचना होती : टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावून आणा. आकाशकंदिलाचा उरलेला कागद घरात होताच. तो काचेवर ताणून रबरबँड चढवताना मला त्या संध्याकाळची ओढ लागली.

पौषातली अवस. माळावर सतरंज्या, कानटोप्या, शाली, भाजलेल्या शेंगांचा वास. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. लाल उजेड त्यांना फारसा सतावत नाही, पण कुणी एकानं मोबाइल उघडला की सगळ्यांची कमाई गेली. अंधार एकट्यादुकट्याला राखता येत नाही. पेंचच्या जंगलालगतच्या गावांनी दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवली, म्हणून तर २०२४ मध्ये पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखणारं उद्यान, झालं.

पूर्वेला मृग चढला होता. पोटात तीन ताऱ्यांचा बाण, आणि खाली, बाणाच्याच रेषेत, तो मारणारा व्याध. सगळ्यांच्या माना वर असतानाच ओढ्याच्या दरडीतून आवाज आला : बूऽऽ. शृंगी घुबड. शेंगा सोलणारे हात थांबले.

आमची आजी घुबडाचं नावही घेत नसे, पण त्याला दगड मारू द्यायची नाही. मारलेला दगड म्हणे ते उचलून नेतं आणि नदीवर बसून पाण्यात घासतं. दगड झिजेल तसतसा मारणारा झिजत जातो. परसातल्या चिंचेच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी होती. दिवेलागणीला दोघं ढोलीच्या तोंडाशी येत, मान खालीवर करत आमच्याकडे टक लावत. चुलतभावानं एकदा खडा भिरकावलाच. लागला नाही, पण पुढं कितीतरी दिवस तो अंगठा आणि करंगळीचा वेढा घालून स्वतःचं मनगट मापायचा. भाकरी अर्धी जास्त खायचा. शेवटी आजीनंच त्याला चिंचेखाली नेलं आणि तो खडा शोधून त्याच्या हातात दिला. "हा बघ, हितंच हाय. न्येला न्हाई त्यानं." खडा त्यानं दप्तरात जपून ठेवला.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री धनाच्या आशेनं घुबड मारायला लावणारी समजूत मला सहन होत नाही. वर उचललेला हात खाली आणणाऱ्या आजीच्या समजुतीवर मात्र माझा जीव आहे.

आमच्या चिंचेवरच्या पिंगळ्यांचा भाऊबंद, रानपिंगळा, १८८४ नंतर अभ्यासकांच्या दृष्टीनं नाहीसाच झाला होता. १९९७ च्या नोव्हेंबरात पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला. हा दिवसाउजेडी वावरणारा पक्षी. तिथल्या पाड्यांवरच्या माणसांना तो मधल्या काळात दिसतच असणार. त्याला दगड मारू नये म्हणून तिथल्या आज्या नातवंडांना काय सांगत असतील? ती गोष्ट ऐकायला मला शहाद्याकडे जायचं आहे.