आगीच्या खोलीतली माणसं

दारू उडवायला रात्र लागते, असं मी उभा जन्म धरून चाललो होतो. माल्टात ती सकाळी आठ वाजता उडाली. लख्ख आभाळात पांढऱ्या धुराचा एक गोळा उमटला, पाठोपाठ छातीला धक्का बसेल असा आवाज आला. समोरच्या गच्चीवर धुणं वाळत घालणाऱ्या बाईनं मान वर करूनही पाहिलं नाही. माझा भाचा इथं बस चालवतो. तो चहा ओतता ओतता म्हणाला, "घाबरू नका मामा. शेजारच्या गावची जत्रा आहे. दुपारी परत वाजेल. संध्याकाळचं तर विचारूच नका."

माल्टा हा देश सिसिलीच्या दक्षिणेला, भर भूमध्य समुद्रात आहे. सगळी बेटं मिळून 316 चौरस किलोमीटर. आमचा नाशिक जिल्ह्यातला एकटा निफाड तालुका याहून मोठा. या एवढ्याशा जागेत गावाला गाव खेटलेलं, प्रत्येक गावाचा निदान एक संत आणि प्रत्येक संताची वर्षाला एक जत्रा. तिला इथं ‘फेस्टा’ म्हणतात. उन्हाळाभर या जत्रा चालतात. चर्चवर दिव्यांच्या माळा, रस्त्यावर रेशमी पताका, खांबांवर पुतळे, गावाचं स्वतःचं बँडपथक आणि मध्येच खांद्यावरून निघालेली संताची मूर्ती. 2023 मध्ये युनेस्कोनं या जत्रांना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. इथवर मला काही नवल वाटलं नाही. जत्रा आम्हालाही ठाऊक आहेत. नवल पुढंच होतं.

मी गोदाकाठचा, सायखेड्याचा. आमच्याकडं लग्नात, मिरवणुकीत, दिवाळीत जे काही वाजतं ते खोक्यातून येतं आणि खोक्यावर शिवकाशीचा पत्ता असतो. आपण फक्त वात पेटवायची आणि मागं पळायचं. म्हणून भाच्याला मी सहज विचारलं, "यांची शिवकाशी कुठंय?" तो म्हणाला, "गावोगावी. आमच्या डेपोतला एक ड्रायव्हरच बनवतो की."

आधी मला ती थट्टा वाटली. मग त्या ड्रायव्हरची गाठ पडली. त्याच्या मंडळात बँकेतला कारकून होता, नळजोडणी करणारा होता, शाळामास्तर होता, दगडाच्या खाणीवरचा माणूस होता. दिवसा ज्याचा त्याचा धंदा. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी गावाबाहेरच्या शेतातल्या दारूच्या कारखान्यात. पगार कुणालाच नाही. एका जत्रेची आतषबाजी संपली की पुढच्या वर्षीचं काम सुरू होतं, ते हिवाळाभर चालतं. खर्चाला वर्गणी, लॉटरी, देणगी, आणि कमी पडलं तर पदरमोड. त्या कारखान्याला इथले लोक ‘काम्रा तन-नार’ म्हणतात, म्हणजे आगीची खोली. प्रत्यक्षात ती एक खोली नसते. दगडी कुंपणाच्या आत एकमेकींपासून लांब लांब बांधलेल्या कितीतरी लहान खोल्या असतात. एकीत कागद, एकीत मिश्रण, एकीत भरणं, एकीत तयार माल. एका ठिकाणी वाईट घडलं तर दुसरं वाचावं, एवढाच त्या बांधणीचा हेतू. कारखाना वस्तीपासून 183 मीटर दूर हवा, असा कायदा आहे. काम करायला परवाना लागतो आणि परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. तरी काम मात्र हौसेचं. माल्टातली गावजत्रेची आतषबाजी हौशी माणसांच्या हातची आहे, हे मला कितीतरी वेळ पचत नव्हतं.

मकाब्बा नावाचं गाव आहे. त्यातला ‘क’ गावकरी घशातच गिळतात, आपल्याला तो ऐकूही येत नाही. वस्ती साडेतीन-चार हजारांची. सायखेडा त्याच्यापुढं शहर म्हणायचं. या एवढ्या गावात दारूचे कारखाने दोन. एक सांता मारियाच्या भक्तांचा, दुसरा लिलीच्या फुलांच्या मातेच्या भक्तांचा. देवी एकच, रूपं दोन, आणि मंडळांतली चुरस अशी की गणपतीतल्या आपल्या पेठांनी हात टेकावेत. लिली कारखान्याच्या लोकांनी 18 जून 2011 रोजी 32.044 मीटर व्यासाचं अग्निचक्र उभं करून फिरवलं आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. दहा मजली इमारतीएवढं भुईचक्र, आणि तेही उभं! ते करणाऱ्यांतल्या कुणाचाही तो पोटाचा धंदा नव्हता.

मी होतो तो सांता मारियाचा मोसम. तिचा सण 15 ऑगस्टला. मकाब्बा, शेजारचं क्रेंदी, मोस्ता, गुडजा अशी अनेक गावं एकाच दिवशी ती जत्रा करतात, आणि आतषबाजीचा मुख्य जोर आदल्या रात्री असतो. 14 तारखेच्या दुपारी भाच्याबरोबर मी मकाब्ब्याच्या चौकात गेलो. तिथं खांब रोवून त्यांवर ‘जिज्जिफोगू’ चढवणं चाललं होतं. ही जमिनीवरची फिरती चक्रं. एका चक्राच्या पोटात दुसरं, त्याच्यात तिसरं, काही उलटी फिरणारी, काही पाकळ्यांसारखी उघडमीट करणारी. लाकडी पट्ट्या, लोखंडी आस, दाते, आणि प्रत्येक टोकाला सुतळीनं करकचून बांधलेली कागदी नळी. नळीपासून नळीपर्यंत वातीची कागदी वाट. आग एका टोकाला लागली की चक्र आपल्याच जोरावर फिरतं, आणि ठरल्या क्षणी पुढच्या नळीला आग देतं.

एक म्हातारा चक्राला बोटानं हलकं ढकलायचा आणि कान आसाजवळ न्यायचा. एका ठिकाणी त्यानं मान हलवली. विशीतल्या एका पोरानं लगेच आस उतरवला, पुसला, वंगण लावलं, पुन्हा चढवला. म्हाताऱ्यानं पुन्हा ढकललं. या वेळी त्यानं पोराचं मनगट धरून त्याचाच कान तिथं नेला. काय ऐकायचं ते शब्दांत सांगितलंच नाही. पोरगा ऐकत राहिला, मग हसला. त्याला कळलं होतं.

पोरं शिकतात कशी, हे मी त्या ड्रायव्हरला विचारलं, भाचा दुभाष्या. तो म्हणाला, आधी झाडू. मग कागद. तपकिरी कागद कापायचा, खळ लावायची, गोळ्याच्या कवचावर थरावर थर चढवायचा आणि सुतळी एकसारख्या ताणानं गुंडाळायची. ताण कमी-जास्त झाला तर गोळा आभाळात गोल फुलत नाही, एका अंगानं फाटतो. हे काम वर्षानुवर्षं करायचं. तेवढ्या वेळात जुनी माणसं तुमचे हात बघत नाहीत, स्वभाव बघतात. घाई करतो का? सांगितलेलं ऐकतो का? चुकलं तर लपवतो का? लपवणाऱ्याला पुढची खोली कधीच मिळत नाही.

रंगांची गोष्टही त्याच्याकडूनच ऐकली. तांबडा स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा, निळा तांब्याचा. यांतला निळा सगळ्यांत नाठाळ. आच जरा चढली की तो फिका पडतो, उतरली की दिसतच नाही. म्हणून इथं दुसऱ्या मंडळाची आतषबाजी पाहताना जाणकार आवाजाकडं लक्ष देत नाहीत, निळा कसा साधलाय ते बघतात. मंडळामंडळांत मिश्रणाचं प्रमाण गुप्त. पण अपघात झाला की गुपितं बाजूला पडतात. काय झालं, कुठल्या खोलीत, हवा कशी होती, हातात काय होतं, हे सगळीकडं पोचतं, आणि पोचलंच पाहिजे असं सगळे मानतात.

कारण अपघात होतात. सप्टेंबर 2010 मध्ये गोझो बेटावरच्या आर्ब गावात कारखाना उडाला आणि सहा माणसं गेली. अशा तारखा इथं गावोगाव आहेत. एवढ्याशा देशात त्या प्रत्येकाच्या ओळखीच्या. या हौसेवर टीका करणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं वावगं नाही. माल्टा विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांना बेटावरच्या धुळीत दारूतलं परक्लोरेट सापडलं आहे. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, कुत्री यांचे हाल वेगळेच. मला तिथं राहून आणखी एक गोष्ट पटली. बाकीच्या कलांत माणूस स्वतःच्या चुकांतून शिकतो. सुतार लाकूड वाया घालवतो, गवई सूर चुकवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो. आगीत स्वतःच्या चुकीतून शिकायला माणूस उरतोच असं नाही. त्याला दुसऱ्याच्या चुकीवरच शिकावं लागतं, आणि ती चूक दुसऱ्यानं सांगितली तरच.

ही हौस आपल्याकडं नाही असं मात्र नाही. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातलं कवठेएकंद आठवा. दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढं तिथं आतषबाजी होते ती गावातल्या मंडळांनी स्वतः बनवलेली. औट, झाडं, लाकडी शिंगटं, सगळं गावचंच. तिथंही मोल दिलं गेलं आहे. मे 2015 मध्ये तिथल्या फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन माणसं दगावली. आणि मागं जायचं तर पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘रुक्मिणी स्वयंवर’ लिहिताना लग्नातल्या दारूकामाचे प्रकार नावानिशी दिले आहेत. भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी भारतातल्या दारूकामाचा इतिहास धुंडाळताना ते नोंदलं. म्हणजे आमच्याच गोदावरीच्या खालच्या अंगाचा एक संत हवाईचं, म्हणजे आभाळात उडणाऱ्या बाणाचं, वर्णन करत होता. मी मात्र हवाई बनवणारी माणसं बघायला समुद्र ओलांडून गेलो!

आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या अनुभवावर जगणं सायखेड्याला नवीन नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही आधी नाशिकला फोन लावतो, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं म्हणून. गुडघ्याला, कमरेला, छातीला, या उत्तरावर कुणी जनावरं सोडतो, कुणी दुकानातला माल माळ्यावर टाकतो. पुलाला पानवेली अडकल्या की पाणी कुठून गावात शिरतं, हे पोरांना पुस्तकात सापडत नाही. ज्याचं घर बुडालं त्यानं ते सांगितलेलं असतं.

त्या रात्री साडेआठला भाच्यानं घड्याळ दाखवलं, भारतात तेव्हा बरोबर मध्यरात्र होऊन 15 ऑगस्ट लागला होता. मकाब्ब्याची आतषबाजी त्यानंतर पुष्कळ उशिरा सुरू झाली. संगीताच्या ठेक्यावर गोळे फुटत गेले, एकाच्या पोटातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. चौकात चक्रं पेटली. दुपारी ज्याला वंगण दिलं होतं ते चक्र जराही न अडखळता फिरलं. पोरानं आभाळाकडं पाहिलंच नाही, तो आसाकडं बघत होता. एकदा निळा असा फुलला की आजूबाजूच्या माणसांनी एकमेकांचे दंड धरले. मीही कुणाचा तरी धरला, तो कोण होता देव जाणे.

सायखेड्याला परतल्यावर पारावर ही सगळी हकीकत सांगितली. गावातल्या आबांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, "आन त्या पोरांना रोज किती भेटतो?"

"रोज नाही आबा. पदरचेच घालतात."

"मंग भेटतं काय?"

"चांगलं काम केलं तर पुढच्या खोलीत घेतात."

आबांनी तंबाखू मळली, थोडा विचार केला, आणि पारावरच्या पोरांकडं बघून म्हणाले, "यांना पाच वरीस कागद चिकटवाया कोण बसवंल, ते सांग आधी."