चांदीतलं जहाज

साकीनाक्याला खैरानी रोडच्या गल्ल्यांत शिरलं की एखाद्या गाळ्यातून पॉवर प्रेसचा ठोका ऐकू येतो. पत्र्याची पट्टी पुढे सरकते, ठोका पडतो, खाली वॉशर गळतो. फोर्टातल्या टाकसाळीतही मूळ क्रिया हीच. कोरी चकती, वर एक ठसा, खाली एक ठसा आणि मध्ये दाब. पण इथला वॉशर संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी नळाला नाहीतर पंख्याला जाऊन बसतो. स्मारक नाणं मात्र जन्मतःच निवृत्त असतं.

माझ्याकडे असं एक निवृत्त नाणं आहे. वास्को द गामाच्या भारतप्रवासाला पाचशे वर्षं झाली म्हणून पोर्तुगालनं १९९८ साली काढलेलं, दोनशे एस्कुदोंचं, चांदीचं. बोटांचा घाम लागून काळं पडू नये म्हणून गोल पारदर्शक डबीत बंद. आफ्रिकेला वळसा घालून आलेल्या जहाजांचं हे स्मारक कपाटाच्या एका खणातून दुसऱ्या खणात हलवतानाही मी धास्तावतो. २००२ साली युरो आला आणि एस्कुदो व्यवहारातून गेला. माझ्या नाण्याला त्याची खबरही नसेल. ते व्यवहारात होतंच कधी?

एके काळी हे सगळं नेमकं उलट होतं. सोपारा आणि कल्याण ही आपली बंदरं पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत नोंदलेली आहेत. रोमन सोन्या-चांदीची नाणी भरुचला येत आणि स्थानिक नाण्यांशी त्यांची नफ्यात अदलाबदल होई, हेही त्यात आहे. पुढे गोऱ्या कंपन्यांनी स्पॅनिश चांदी पेट्या भरभरून आणली, ती इथं वितळली आणि तिचे रुपये झाले. तेव्हा नाणं जहाजात बसून यायचं. आता जहाज नाण्यात बसलंय, आणि दोघांचाही प्रवास थांबलाय.

नाण्यावर जहाज काढायची हौस आपल्याकडेही जुनीच. दुसऱ्या शतकातल्या यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. पण ती नाणी शिशाची. चांदीत त्यानं स्वतःचा मुखवटा उमटवला. त्याचं एक चांदीचं नाणं १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याच्या स्तूपात, अवशेषांच्या करंडकासोबत सापडलं. श्रद्धेनं वाहिलेलं, म्हणजे न खर्चलेलं. शिशाची जहाजं मात्र पूर्व किनाऱ्यावरच्या बाजारांत हातोहात फिरली असणार. राजाचा चेहरा जपला गेला, जहाज झिजलं. मला यात जहाजाचाच मान मोठा वाटतो.

चांदीत कुणाला जागा मिळते, हाही प्रश्न आहेच. गामा आफ्रिकेतल्या मलिंदीला पोहोचला तेव्हा पुढचा समुद्र त्याला अनोळखी होता. तिथं मिळालेल्या वाटाड्यानं जहाजं कालिकतच्या किनाऱ्याला आणली. त्या माणसाला वारे ठाऊक होते, तारे ठाऊक होते. त्याच्या नावावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. शोध लागला म्हणायचा तो ज्याला वाट माहीत नव्हती त्याच्या नावावर. गोव्यात १९९८ साली या पंचशताब्दीच्या सोहळ्याला विरोध झाला. ज्यांच्या दारात ती जहाजं पुढे सत्ता घेऊन उभी राहिली, त्यांनी आरती का ओवाळावी?

माझ्या डबीत न सापडणारा एक प्रवास मुंबईचाच आहे. १९ ऑगस्ट २००९ रोजी नौदलातले दिलीप दोंदे 'म्हादेई' घेऊन इथून एकटे निघाले आणि चार बंदरांत थांबत, पृथ्वीला वळसा घालून १९ मे २०१० रोजी परतले. शिडाची ही होडी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. वाटही आपली, वाटाड्याही आपलाच.

तिचं नाणं कधी निघालं तर ते चांदीचं नसावं. पाच रुपयांचं, पितळी रंगाचं, चिक्कार काढलेलं असावं. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर शेअर रिक्षावाल्यानं ते सुट्टे म्हणून परत द्यावं, वडापावच्या गाडीवर तेलकट व्हावं, पोराच्या खिशातून पडून गटाराच्या जाळीवर अडकावं. वीस वर्षांत त्यावरचं शीड पुसट झालं, तर टाकसाळीनं खुशाल नवा ठसा घडवावा.