एक उपेक्षित निरोप्या

सभ्य समाजात काही विषय निघाले, की माणसे छताकडे पाहू लागतात. मूत्राशय हा त्यांतलाच एक. हृदयावर कवींनी काव्ये रचिली, मेंदूला तत्त्वज्ञांनी सिंहासनावर बसविले. या बिचाऱ्या पिशवीच्या वाट्याला मात्र कुजबुजच आली. पन्नाशी उलटल्यावर तिने आपली ओळख आम्हांस आपण होऊन करून दिली. हल्ली वर्गावरील पाऊण तास आम्ही तिच्याच धोरणाने संपवितो.

अधिक चौकशी करता असे कळले, की मूत्राशयाचे अस्तर हे घराच्या भिंतीवरील गिलाव्यासारखे निर्जीव नसते. पिशवी भरून ते ताणले, की त्याच्या पेशी एटीपी नावाचे द्रव्य सोडतात. लगतच्या मज्जातंतूंची टोके ती खूण टिपतात; निरोप मज्जारज्जूच्या तळाशी पोचतो, आणि तेथून मेंदूच्या देठाकडे जातो. या देठातील केंद्र बॅरिंग्टन या इंग्रज शल्यवैद्याने १९२५ साली मांजरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. दीड-दोनशे मिलिलिटर साठले, की पहिली चाहूल लागते. चार-पाचशेपर्यंत निरोगी माणूस धीर धरू शकतो. कारण अखेरची परवानगी मेंदूच्या पुढल्या भागाची असते. 'अंमळ थांब' असे तो म्हणू शकतो, म्हणूनच सभासंमेलने सुखरूप पार पडतात.

या निरोपाला पीझो-२ नावाचे एक प्रथिन लागते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्यात सहभागी असलेल्या आर्डेम पॅटापुटियन यांना स्पर्शज्ञानावरील कार्याबद्दल पुढच्याच वर्षी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ज्यांच्या ठायी हे प्रथिन जन्मतःच सदोष असते, त्यांना पिशवी भरल्याची जाणीव फार क्षीण होते; त्यांतील कित्येकांना घड्याळ पाहून उठावे लागते.

त्यांच्याविषयी आम्हांस सहानुभूती वाटते. परंतु ज्यांची जाणीव शाबूत आहे आणि तरीही जिला दिवसभर दाबून ठेवावे लागते, त्यांचे काय? आमच्या कित्येक विद्यार्थिनी घरून निघताना पाणी पीत नाहीत, कारण वाटेत कोठे सोय नाही. आमच्या घरातील मंडळीही प्रवासाच्या दिवशी सकाळचा चहा परत पाठवितात. निसर्गाने हा निरोप्या स्त्री-पुरुष असा भेद न करता नेमिला आहे. भेद आमच्या नगररचनेने केला. तेव्हा नगरपित्यांच्या सभेत हा विषय निघेल, त्या दिवशी एखाद्याने तरी छताकडे न पाहता बोलावे, एवढीच आमची विनंती आहे.