आजीच्या ओव्या आणि तिरपा जोर

जुन्या कॅसेटमधली तपकिरी फीत तुम्ही पाहिली आहे का? तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडच्या बारीक कणांचा थर असतो. कण सुईसारखे लांबट, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान! प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकला लोहचुंबक. किती कणांची उत्तर टोकं इकडे नि किती कणांची तिकडे, यावर आवाज साठवलेला असतो.

आमच्याकडे अशी एक मोलाची कॅसेट आहे. १९९३ साली मामाने आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिच्यावर भरून घेतल्या. आजी आता नाही. तिचा आवाज तेवढा उरलाय.

परवा कपाट आवरताना माझी दहावीतली भाची म्हणाली, "आत्या, ही स्पीकरशेजारी ठेवू? पण स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो ना गं? पणजीचा आवाज पुसून गेला तर?"

"हिशेब करून बघू या," मी म्हटलं.

हा हिशेब इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाचे एडमंड स्टोनर आणि त्यांचे विद्यार्थी ई. पी. वोलफार्थ यांनी १९४८ साली मांडला. लांबट कणाचं चुंबकत्व त्याच्या लांबीच्या दिशेनेच राहू पाहतं. आडवं वळवायचं तर ऊर्जा लागते. म्हणजे दोन बाजूंना दोन दऱ्या आणि मध्ये डोंगर! चुंबकत्व एका दरीत बसलेलं असतं. बाहेरच्या चुंबकाचा उलटा जोर वाढवत गेलं, की ती दरी उथळ होत जाते. पार सपाट झाली, की चुंबकत्व घसरून पलीकडच्या दरीत! झाला कण उलटा.

भाचीने साइनचं कोष्टक घेतलं, दर दहा अंशांना ऊर्जा काढली आणि आलेख मांडला. जोर नेमका उलट दिशेने लावला, तेव्हा कण शेवटपर्यंत हटून बसला. तोच जोर ४५ अंशांनी तिरपा लावला, तर निम्म्यातच उलटला!

"असं कसं गं?"

नेमका समोरून आलेला जोर चुंबकत्वाला डावीकडेही वळवत नाही नि उजवीकडेही. तिरपा जोर मात्र पहिल्यापासूनच त्याला एका बाजूला वळवू लागतो. खऱ्या फितीतले कण तर या हिशेबापेक्षा कमी जोरातही उलटतात, कारण त्यांच्यातलं सगळं चुंबकत्व एकसाथ वळत नाही.

पृथ्वीच्या चुंबकत्वाची भीती नको. कण उलटवायला लागणाऱ्या जोरापेक्षा ते शेकडो पटींनी दुबळं आहे. पण स्पीकरचा चुंबक दांडगा, आणि त्याचा जोर फितीवर वेगवेगळ्या कोनांतून पडणार. आजीची कॅसेट आम्ही दुसऱ्या खोलीत ठेवली. दुसऱ्याच दिवशी संगणकावर तिची प्रत काढली.

तुमच्याही घरी कुणाच्या आवाजाची कॅसेट असेल. ती शोधा, चुंबकापासून लांब ठेवा, नि आई-बाबांच्या मदतीने तिची प्रत काढून घ्या. त्या इवल्याशा कणांनी इतकी वर्षं आवाज सांभाळलाय. आता थोडं आपणही सांभाळू या!