चार डॉक्टर आणि एक पिशवी

आमच्या आजीला चार डॉक्टर आहेत. एक ब्लडप्रेशरचा, एक गुडघ्याचा, एक डोळ्याचा आणि चौथे गावातले, जे वरच्या तिघांकडे जायला वेळ किंवा पैसे नसले की सगळ्यावरच इंजेक्शन देतात. चौघेही आपापल्या जागी चांगले. फक्त त्यांची एकमेकांशी ओळख नाही. त्यांच्यातला दुवा म्हणजे आजीची कापडी पिशवी. तिच्यात गोळ्यांच्या पट्ट्या, चिठ्ठ्या, एक एक्स-रे, आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि तळाशी सुपारी.

मित्रहो, मेकॅनिकलच्या पोराने अंकात म्हातारपणावर काय लिहावं, असं माझा रूममेट म्हणाला. पण आपल्या होस्टेलवर निम्मी मुलं-मुली खेड्यातली आहेत, आणि प्रत्येकाच्या घरी अशी एक पिशवी खुंटीला टांगलेली असणारच. म्हणून लिहितोय.

आमचं गाव जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी आजी दोनदा पडली. एकदा न्हाणीत, एकदा उंबऱ्यात. हाड मोडलं नाही हे नशीब. येणारा-जाणारा प्रत्येकजण म्हणे, "वय झालं आता." सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी ती पिशवी सतरंजीवर रिकामी केली आणि पट्ट्यांवरची बारीक अक्षरं वाचत बसलो. दोन पट्ट्यांची नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे. खाली मात्र दोन्हींवर तेच, ॲम्लोडिपीन 5 मिलिग्रॅम. ब्लडप्रेशर कमी करायची एकच गोळी, दोन ठिकाणांहून आलेली, आजी दोन्ही इमानदारीने घेत होती. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मॅडमनी तिचं ब्लडप्रेशर आधी आडवं झोपवून मोजलं, मग उभं करून. उभं राहताच ते चांगलंच खाली आलं. त्यांनी एक पट्टी बंद केली. महिन्याभरात चक्कर गेली.

यात दोष कुणाचा? मला तरी एकट्याचा कुणाचाच दिसत नाही. फायनल इयरच्या प्रोजेक्टला चौघांनी चार पार्ट करून आणावेत आणि असेंब्लीच्या दिवशी एकही दुसऱ्यात बसू नये, तसा हा प्रकार. असेंब्लीचं काम कुणाला दिलेलंच नाही.

मग मी यावर वाचत गेलो. 1935 साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये मार्जोरी वॉरन नावाच्या डॉक्टरीणबाईंच्या ताब्यात शेजारच्या गरीबखान्याचा वॉर्ड आला. वर्षानुवर्षं खाटेला खिळलेली, 'आता काही होणार नाही' म्हणून सोडून दिलेली म्हातारी माणसं तिथे होती. बाईंनी एकेकाला नीट तपासलं. आजार कोणता, हातपाय किती चालतात, घरी कोण आहे, हे सगळं एकत्र मांडलं, आणि त्यातल्या कितीतरी जणांना उभं करून घरी पाठवलं. म्हाताऱ्या माणसाची सगळ्या बाजूंनी तपासणी ही कल्पना तिथून रुजली. पुढे 1963 साली सिडनी कॅट्झ यांनी सहा साध्या गोष्टींची मोजपट्टी दिली: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. मला हे फार पटलं. मशीनचं वय विचारू नका, ते काय काम करतं ते बघा.

अजून एक चाचणी तर आपल्या प्रॅक्टिकलसारखीच आहे. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. मी अंगणात टेपने मोजून खडूची रेघ मारली आणि मोबाईलवर घड्याळ लावलं. आजी म्हणाली, "काहून रे, मला परीक्षेला बसवतो का?" 26 सेकंद लागले. त्यातले पाचेक सेकंद शेळीला हाकलण्यात गेले, ते वजा केले तरी नापासच.

आपल्याकडे हे कुणाला माहीत नाही असं नाही. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे. आशाताई घरोघर जो फॉर्म भरतात त्यात साठीच्या पुढच्यांना विचारायचे प्रश्न आहेत: उभं राहताना, चालताना तोल जातो का, रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं विसरता का. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. रोजच्या गोळ्यांना ते कार्ड दाखवून उपयोग नाही. श्रावणबाळ योजनेचं मानधन 2023 मध्ये हजाराचं दीड हजार झालं, पण त्याची कागदपत्रं तहसीलला, पैसे बँकेत, आणि तिथे अंगठा लावायचा तर निंदणी-खुरपणीने आजीच्या बोटांच्या रेषाच झिजलेल्या. म्हणजे तब्येत एका खिडकीवर, पैसा दुसऱ्या खिडकीवर, आणि दोन्हींकडे जायला लागणारा गुडघा तिसऱ्याच डॉक्टरकडे.

आमच्या घरी निदान आई आहे. कोणती गोळी उपाशीपोटी, कोणती जेवल्यावर, हे तिला पाठ. चार दिवस माहेरी गेली तर सगळी यंत्रणा बंद. आणि आई नसलेली घरं? मंठा, परतूर, घनसावंगीकडे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. 2007 च्या कायद्याने आईबापाला मुलांकडून पोटगी मागता येते, दाद उपविभागीय अधिकाऱ्याकडे. चांगला कायदा आहे. पण जो मुलगा स्वतः उचल फेडायला कारखान्यावर कोपीत राहतोय, त्याच्यावर कुठली म्हातारी अर्ज करील? तिला पैशाइतकंच रोज एकदा दारात डोकावणारं माणूस हवं असतं.

तर मी एवढंच केलं. एका कागदावर सगळ्या गोळ्या लिहिल्या. कंपनीचं नाव नाही, औषधाचं मूळ नाव. कुणी दिली, कधी दिली, कशासाठी. सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र काढला, कारण आजीला वाचता येत नाही. एक प्रत कपाटाच्या दाराला आतून, एक पिशवीत. गावातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा भिंगातून पाहावं तसा तो कागद पाहिला. पुढच्या वेळी मात्र त्यांनी स्वतःच खिशातलं पेन काढून त्याच्यावर खाली एक ओळ वाढवली. आशाताईंनी त्याचा मोबाईलवर फोटो काढून नेला.

राहिली न्हाणी. आमच्या जालन्याची सळई कुठल्या कुठल्या इमारतींत जाते, पण आजीला धरायला न्हाणीत एक दांडा नव्हता. सळई हाताला रुतते, म्हणून दीड इंची पाइप आणला. गावातल्या वेल्डिंगवाल्याने दोन्ही टोकांना प्लेटा मारून दिल्या, माझ्या ड्रॉइंगकडे न बघता आणि माझ्यापेक्षा चांगल्या. उंची आजीला उभी करून तिच्याच हाताने ठरवली. आता आई फोनवर सांगते, म्हातारी त्याच्यावर लुगडं वाळत घालते, आणि शेजारच्या काकू विचारत होत्या की तसला पाइप केवढ्याला पडला.