आधी पाती, मग मोटर

रेडिओवर उडणारं हेलिकॉप्टर घ्यायला निघालेला माणूस बहुतेकदा आधी मोटरची ताकद विचारतो. पहिला प्रश्न खरं तर पात्यांच्या कोनाचा असायला हवा. यंत्र वर उचलतात ती पाती. मोटरचं काम एवढंच की पात्यांवर भार कितीही आला तरी त्यांचा वेग पडू द्यायचा नाही. ट्रान्समीटरच्या पडद्यावर दिसणाऱ्या पिच कर्व्ह (स्टिकच्या जागेनुसार पात्यांचा कोन) आणि थ्रॉटल कर्व्ह (स्टिकच्या जागेनुसार मोटरचा जोर) या दोन रेषांमध्ये हीच वाटणी लिहिलेली असते.

१९७०च्या सुमारास जर्मनीत डीटर श्ल्यूटर यांनी रेडिओनं ताब्यात राहणारं हेलिकॉप्टर उडवून दाखवलं, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या मॉडेलच्या पात्यांचा कोन ठरलेला होता. वर जायचं तर इंजिनाचा वेग वाढवायचा, खाली यायचं तर कमी करायचा. पण रोटर जड असतो, त्याचा वेग हुकूम मिळताक्षणी बदलत नाही. यंत्र ऐकायचं, पण उशिरा. पुढे कलेक्टिव्ह पिच, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकत्र बदलण्याची रचना, आली आणि वेग स्थिर ठेवून कोन बदलायची सोय झाली. कोन मात्र क्षणात बदलतो.

कोन वाढला की हवेचा विरोध वाढतो आणि रोटर मंदावतो. कसारा घाट चढताना भरलेल्या ट्रकचा ड्रायव्हर चढ लागतो तसा ॲक्सिलरेटर देतो आणि उतारावर पाय उचलतो. थ्रॉटल कर्व्ह म्हणजे हाच पाय, फक्त आधीच आखून ठेवलेला.

जुहूच्या तळावरून समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राच्या फलाटांकडे जाणाऱ्या मोठ्या हेलिकॉप्टरांनाही रोटरचा वेग असाच सांभाळावा लागतो. तिथे ते काम गव्हर्नर ही वेग सांभाळणारी यंत्रणा करते. मॉडेलमध्ये एका स्टिकवर कोन आणि मोटर दोन्ही असतात, म्हणून त्यांचं नातं हातानं जुळवावं लागतं.

जुळवणी जमिनीवर सुरू होते. मोटरच्या तीन तारांपैकी दोन आधी सोडवायच्या. यात सवलत नाही. मग स्टिक मधोमध, सर्व्होचे (कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरांचे) हात काटकोनात, स्वॉशप्लेट (त्यांची हालचाल पात्यांपर्यंत नेणारी तबकडी) सपाट. पात्यावर पिच गेज लावून तिथे शून्य अंश आणायचा. स्टिक वर नेल्यावर अधिक १० ते ११ अंश, खाली नेल्यावर उणे तेवढेच. टोकाला कुठे दांडी अडत असेल किंवा सर्व्हो घुरघुरत असेल तर आकडा कमी करायचा. ही सरळ रेषा आयडल अपची, म्हणजे कसरतींची.

साध्या उड्डाणासाठी खालचं टोक उणे २-३ अंशांवर आणतात, मध्याला ५ अंशांच्या आसपास ठेवतात. मध्यावर यंत्र जागेवर तरंगलं की समजावं, रेषा बसली. थ्रॉटल इथे शून्यापासून चढत जातो, कारण मोटर याच स्थितीत सुरू आणि बंद करायची असते.

आयडल अपमध्ये थ्रॉटलचा आकार इंग्रजी व्हीसारखा होतो. उलटं उडताना उणे कोनालाही तितकीच ताकद लागते, म्हणून दोन्ही टोकं उंच आणि मध्य थोडा खाली. इथे स्टिक तळाला नेली तरी मोटर पूर्ण जोरात असते. म्हणूनच जमिनीवर आयडल अपचं बटण चुकूनही टाकायचं नाही. थ्रॉटल होल्डमध्ये, म्हणजे मोटर तोडणाऱ्या बटणाच्या स्थितीत, मोटर शून्य, पण पिचचा पूर्ण पल्ला ठेवायचा: मोटर थांबल्यावर उणे कोनानं रोटर फिरता ठेवून, शेवटी अधिक कोन देऊन उतरता यावं.

आता मॉडेलमध्येही गव्हर्नर आहे, थ्रॉटलची रेषा सपाट ठेवली की झालं, असं म्हणतात. ते अर्धंच खरं. गव्हर्नरलाही शिल्लक ताकद लागते. बॅटरी उतरत आली की वरचा साठा संपतो आणि पूर्ण पिचवर वेग पडतो. अशा वेळी मोटर बदलण्याआधी वरच्या टोकाचा कोन एखादा अंश उतरवून पाहावा.

दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे चालत नाहीत, त्याचं एक कारण हवा. दापोडे, मानकोली, पूर्णा हा भिवंडी तालुक्यातला गोदामांचा पट्टा. अशा जागी लांबलचक पत्र्याच्या छपरांवरून उतरणारा वारा आडोशाला भोवरे घेतो. तिथे कर्व्ह तपासली तर चूक रेषेची की वाऱ्याची, हे कळत नाही. शिवाय काँक्रीटवर रोटरच्या व्यासाहून कमी उंचीवर यंत्र जमिनीच्या आधारानं तरंगतं आणि कमी कोनातच हलकं वाटतं. तपासणी डोक्याच्या उंचीवर करावी. १८ अंशांच्या सकाळपेक्षा ३८ अंशांच्या दुपारी हवा सुमारे साडेसहा टक्के विरळ असते. डिसेंबरमध्ये बसवलेला जागेवर तरंगण्याचा कोन एप्रिलमध्ये अपुरा पडतो.

हे सगळं बारकाईनं करायचं कारण पात्यांत आहे. ४५० वर्गाच्या मॉडेलचा रोटर साधारण ७१ सेंटिमीटर व्यासाचा असतो. मिनिटाला २८०० फेऱ्यांवर पात्याचं टोक ताशी सुमारे ३७५ किलोमीटर वेगानं फिरतं. म्हणून गोदामाचं आवार, रस्ता, माणसांची वर्दळ टाळून मोकळं माळरानच निवडा, त्या जागेचा डिजिटल स्काय (ड्रोनसाठीच्या हवाई क्षेत्राचा) नकाशा आधी पाहा, आणि नव्या रेषेची पहिली परीक्षा घेताना होल्डच्या बटणावर बोट ठेवा.