पटलाची सुलट बाजू

1936 साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन ज्या सावली गावी भरले, तेथे कापसाच्या तंतूचे माहात्म्य नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु सरकीला चिकटून राहणारे, चरख्याच्या उपयोगी न पडणारे जे आखूड तंतू, त्यांच्यापासून पाणी गाळणारे प्लास्टिक सिद्ध होते असे मी म्हणू लागलो की ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर कौतुकापेक्षा संशयच अधिक उमटतो. वस्तुतः यात चमत्कार काही नाही. कापूस काय किंवा बल्लारपूरच्या कागद कारखान्याने वर्षानुवर्षे शिजवलेला बांबू काय, दोहोंचा गाभा सेल्युलोजच. त्यावर ॲसिटिक अनहायड्राइडचा संस्कार झाला म्हणजे ॲसिटोनमध्ये विरघळणारे सेल्युलोज ॲसिटेट हाती येते. हा संस्कार मात्र मी करीत नाही. त्याच द्रव्याने मॉर्फिनचे हेरॉइनही होत असल्यामुळे सरकारने त्याच्या खरेदी-विक्रीभोवती परवाने आणि नोंदवह्या यांचा जो जामानिमा उभा केला आहे, तो एकट्या कारागिराला पेलणारा नव्हे. म्हणून तयार ॲसिटेट मागवणे हाच सरळ मार्ग.

खरी कसोटी पुढे आहे. दाट द्रावण काचेच्या तक्त्यावर ओतायचे, पोलादी पात्याने दोनशे मायक्रॉनांच्या आसपास जाडीचा थर एका हाताने, मध्ये न थांबता ओढायचा, काही क्षण तो उघडा ठेवायचा आणि मग तक्ता बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. त्या काही क्षणांत पृष्ठभागावरचे ॲसिटोन उडून जाते आणि तापल्या दुधावर साय धरावी तशी एक अतिसूक्ष्म, घट्ट त्वचा धरते. तिच्याखालचा थर पाण्यात शिरल्यावर सच्छिद्र होतो. सेल्युलोज ॲसिटेट मीठ अडवते हे फ्लोरिडात रीड आणि ब्रेटन यांनी आधीच दाखवले होते, पण त्यातून पाणी जवळजवळ येतच नसे. ते मुबलक येऊ लागले सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरीराजन यांनी 1960च्या सुमारास लॉस एंजेलिसला ही त्वचा साधल्यावर. तेव्हापासून पटलाला सुलट आणि उलट अशा बाजू आल्या: हवेकडची बाजू अशुद्ध पाण्याकडे ठेवली तरच मीठ अडते.

हे सारे प्रयोगशाळेतले शास्त्र; आमच्याकडे ऋतूच निराळे. वैशाखात पारा सेहेचाळीसवर जातो आणि ॲसिटोन तर छप्पन्न अंशांनाच उकळते, तेव्हा थर ओढता ओढताच त्याची त्वचा सुरकुतते. नाइलाजाने हे काम पहाटे उरकावे लागते. पावसाळ्यात उलट तऱ्हा: हवेतले बाष्पच थरात शिरून त्याला पाण्याआधी पांढरा करते आणि छिद्रे बेसुमार मोठी होतात. याला पर्याय म्हणून मक्याच्या वा उसाच्या साखरेपासून होणाऱ्या पॉलिलॅक्टिक ॲसिडची हल्ली फार वाहवा होते; पण तेही साठ अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याच्या खोलीत ठेवण्याच्या लायकीचे ते आहे असे मला वाटत नाही.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्दोष, ही समजूत मी कधीच बाळगली नाही. सेल्युलोज ॲसिटेटला पाण्याची ओढ असल्याने त्यावर गाळ सहसा चिकटून बसत नाही. तथापि किंचित आम्ल पाण्यातच ते दीर्घकाळ टिकते, अल्कधर्मी पाण्यात हळूहळू विघटित होते, सूक्ष्मजंतू तर त्याचे भक्षणच करतात, आणि एकदा वाळले की छिद्रे मिटून ते निरुपयोगी होते. याउलट ग्रामपंचायतीच्या टाकीत शिपाई जी टीसीएल पावडर टाकतो, तिचे सौम्य क्लोरीन ते निमूटपणे सोसते. बाजारातल्या आरओ यंत्रांतले पॉलिअमाइडचे पटल त्याने लवकर खराब होते. जंतूंना मारणारे क्लोरीन पटलाचेही रक्षण करते, तेव्हा आमच्या गावगाड्यात या जुन्या, मागे पडलेल्या द्रव्याची तजवीज मला अधिक शहाणपणाची वाटते.

उंच टाकीच्या भारावर चालणारे माझे पटल मीठ अडवण्याइतके घट्ट नाही; ते वैनगंगेचा पावसाळी गढूळपणा आणि जिवाणू एवढेच अडवते. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही गावांतील भूजलात असलेले फ्लोराइड मात्र त्यातून बिनदिक्कत पार होते, कारण ते पाण्यात पूर्णतः विरघळलेले असते. त्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ने बसवलेली तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत किंवा दुसरा एखादा उपाय हवा. पटल मागायला आलेल्या माणसापाशी म्हणूनच मी प्रथम त्याच्या विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागतो; तो नसेल तर आधी नमुना प्रयोगशाळेत पाठवा असे सांगतो, मग तो कितीही नाराज होवो.